श्रवण आणि प्रेरणा

संगीताने माणूस उन्नत होतो, असे आपण सहज म्हणून जातो. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीनएक मिनिटांची तबकडी ऐकून गदगचा ११ वर्षांचा भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला, हे खरेच. परंतु तीच तबकडी इतरही असंख्य लोकांनी ऐकली, माना डोलावल्या आणि ते जेवावयास उठले! आम्हीही त्यांतलेच. मग प्रेरणा सुरांत होती की त्या मुलात? आम्हांस वाटते, सूर इच्छा निर्माण करीत नाहीत. असलेल्या इच्छेस निमित्त देतात. म्हणूनच बदलीच्या गावी रात्री दरबारी ऐकून हेलावलेला अधिकारी सकाळी कारकुनावर पूर्ववत् खेकसू शकतो. भीमसेनांनाही तबकडीने घराबाहेर काढले, एवढेच. पुढची शागिर्दी कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी वर्षानुवर्षे करावी लागली.