वरून खाली

प्रवरेच्या काठी बेलापुरात एक जुने माळवदाचे घर होते. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे. घरात एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात अशी चार माणसे राहत होती.

स्वयंपाकघराच्या बरोबर वर, धाब्यावर, विटांचे एक धुराडे उभे होते. ते म्हातारीच्या नवऱ्याने बांधून घेतले होते. त्याआधी घरात साधी चूल होती. पावसाळ्यात तुराट्या ओल्या व्हायच्या, धूर घरातच कोंडायचा आणि तेव्हाची ती तरुण बाई रात्र रात्र खोकत बसायची. १९८३च्या सुमारास सरकारने गावोगाव निर्धूर चुली पोचवायला सुरुवात केली. नवऱ्याने तशी चूल घातली, पण वरचा धूर न्यायला त्याला नुसता सिमेंटचा नळ पुरेसा वाटेना.

तो मुलूख उसाचा. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता आणि शिवारात गुऱ्हाळे होती. गुऱ्हाळाची चुलवणे बांधणारा एक गवंडी नवऱ्याने गाठला. त्याने पायापासून विटा रचत आणल्या, धाब्यातून वर काढल्या आणि माणसाच्या उंचीचे धुराडे उभे केले. बाईचा खोकला त्या वर्षी कमी झाला.

पुढे नवरा गेला. घरात गॅस आला. चूल पेटायची थांबली. मुलाने एक दिवस चूल फोडली, चुलीमागचे छतापर्यंतचे बांधकामही काढून टाकले आणि तिथे कडप्प्याचा ओटा घातला. माळवदातून माती गळते म्हणून छताला खालून मेणकापड ठोकले. स्वयंपाकघर स्वच्छ, उजेडाचे झाले. सून खूश झाली. वरच्या धुराड्याकडे कोणी पाहिले नाही. ते धाब्यावर होते आणि धाब्यावर वर्षातून एकदाच, माती टाकायला जावे लागे.

मग धुराड्याच्या कडेने पाणी उतरू लागले. पहिल्या पावसाळ्यात मेणकापडावर एक डाग पडला. पुढच्या पावसाळ्यात ओट्यावर पातेले ठेवावे लागले. वैशाख सरत आला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, यंदा मृगाआधी ते धुराडं काढून टाकतो. तुला वाईट नाही ना वाटणार?"

म्हातारी म्हणाली, "वाईट कशाचं? धूर न्यायला बांधलं होतं. धूर संपला, त्याचं काम संपलं. काढ."

मुलाने एका तरण्या गड्याला बोलावले. त्याने अंगणातूनच वर पाहिले आणि म्हणाला, "दोर बांधतो आणि पाडतो अंगणात. तासाभराचं काम." मुलाला ते पटले. मजुरी ठरली. पण म्हातारी म्हणाली, "आधी मिस्तरीबाबांना एकदा दाखव. मग काय ते करा."

मिस्तरी सत्तरीचा होता. तो आला, पाणी प्याला आणि शिडीकडे न जाता थेट स्वयंपाकघरात गेला.

"बाबा, धुराडं वर आहे," मुलगा म्हणाला.

"वर आहे ते दिसलं. ते कशावर उभं आहे ते बघतो," मिस्तरी म्हणाला. "हे मेणकापड काढा."

मेणकापडाचे खिळे उपसले. भसकन माती आणि काजळी ओट्यावर पडली. मिस्तरीने बॅटरीचा उजेड वर टाकला. सगळ्यांनी वर पाहिले. ज्या विटांच्या खांबावर धुराडे उभे होते तो खांब आता नव्हता. दोन तुळयांच्या मध्ये दोन फळ्या आडव्या होत्या आणि सगळे धुराडे त्या फळ्यांवर टेकले होते. एक फळी पाण्याने काळी पडली होती. मिस्तरीने बोट लावले तर लाकूड बोटाला भुसभुशीत लागले. दुसरी मधोमध चिरली होती.

"विटा किती असतील?" गड्याने विचारले.

"दीडशेच्या खाली नाहीत. एक वीट तीन किलो धर."

मुलाने मनात हिशेब केला. साडेचार क्विंटल. त्याने खाली पाहिले. खाली ओटा होता, गॅसची शेगडी होती, आणि ओट्याला पाठ लावून रोज संध्याकाळी नात अभ्यासाला बसायची तिथे तिची वही पडली होती. सून काही बोलली नाही. तिने वही उचलली आणि मुलीला घेऊन ओसरीवर जाऊन बसली.

"दोर लावून ओढलं असतं तर?" मुलाने हळूच विचारले.

"ते अंगणात आलं नसतं. खाली आलं असतं, आणि वर चढलेल्यालाही घेऊन आलं असतं."

गड्याने दोर गुंडाळून ठेवला. मुलगा म्हणाला, "बाबा, खालचं मीच काढलं होतं."

मिस्तरी त्याला रागावला नाही. "नजरेला अडतं ते माणूस आधी काढतो," तो म्हणाला. "पण उतरवताना उलटं चालायचं असतं. जे शेवटी चढलं, ते पहिलं उतरवायचं. चल, आधी धिरे आण."

त्या दिवशी धुराड्याला कोणी हात लावला नाही. ओटा रिकामा केला, शेगडी हलवली. जाड बल्ल्या आणल्या, खाली फळीचा पाट घातला, वर आडवे लाकूड दिले आणि दोन्ही फळ्यांखाली धिरे घट्ट ठोकून बसवले. संध्याकाळपर्यंत एवढेच झाले. मुलाला वाटले, दिवस वाया गेला. पण त्या रात्री सगळ्यांचा स्वयंपाक ओसरीवर झाला.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी वर चढला. घण त्याने खालीच ठेवला. छन्नी आणि लहान हातोडा घेतला. सगळ्यात वरचा थर सोडवला, एकेक वीट घमेल्यात ठेवली आणि दोराने अंगणात सोडली. गड्याने विटा धाब्यावरच रचायला घेतल्या तेव्हा मिस्तरीने त्याला थांबवले. "धाब्यावर ढीग नको. ओझं इथून तिथे सरकवलं, तर उतरवलं काय?" गडी समजला. मग तो वर आणि मुलगा खाली असे घमेले हलू लागले. थरामागून थर उतरत गेला. विटांच्या आतल्या अंगाला बोटभर काजळी होती. खाली म्हातारी बसून चांगल्या विटा वेगळ्या काढत होती. न्हाणीची पायरी फुटली होती, तिला त्या लागणार होत्या.

दुपार कलेपर्यंत धाब्यात नुसते भोक उरले. मिस्तरीने कुजक्या फळ्या काढल्या, तुळयांवर नवी लाकडे आडवी टाकली, त्यांवर वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला दाट अंथरला आणि पांढरी माती घालून चोपून चोपून बसवली. पाणी पन्हळीकडे वाहील असा उतार दिला. शेजारी हातभर सवणे ठेवून त्यावर काच बसवली आणि काचेखाली वाऱ्याला फट सोडली. "गॅसलाही हवा लागते," तो म्हणाला. मग त्याने दोन कळशा पाणी धाब्यावर ओतले आणि खाली येऊन छताकडे बघत बसला. थेंब आला नाही. तेव्हा कुठे त्याने धिरे काढले.

गडी मजुरी घेऊन निघाला, तसा परत वळून मिस्तरीला म्हणाला, "बाबा, पुढच्या कामाला मला बोलवा. पैसे कमी दिले तरी चालतील."

जुन्या गोष्टी मोडताना घराघरांत हेच घडते. लग्नातल्या मानपानाचे घ्या. चार घरांनी मिळून एका घराचे कार्य उचलायचे, हा त्याच्या खालचा आधार होता. तो आपण कधीच काढून टाकला. वरचा देण्याघेण्याचा भार तसाच राहिला, आणि तो बरोबर घरातल्या मुलीच्या डोक्यावर राहिला. छताला मेणकापड ठोकले की तो दिसत नाही, एवढेच. काढायचेच असेल तर भार आधी उतरवावा लागतो, आणि तोपर्यंत खाली धिरा देऊन कोणालातरी उभे राहावे लागते.

आणि खरेखुरे धुराडेही विसरू नका. गॅस आल्यापासून तुमच्या घरावर असे एखादे रिकामे उभे असेल, तर मृग लागण्याआधी खालचे छत उघडून ते कशावर उभे आहे हे जाणत्या मिस्तरीकडून पाहून घ्या. धिरे दिल्याशिवाय त्याची एक वीटही हलवू नका, आणि काम पुरे होईपर्यंत त्याच्या खाली कोणाला बसू देऊ नका.