मांडवातील एक गाणे

बदलापूरच्या आसपासच्या आगरी घरांत हळदीच्या रात्री अजूनही एखादी धवलारीण धवले गाताना आढळते. ती थांबली की ध्वनिवर्धकाचा ताबा तरुण मंडळी घेतात, आणि आता ‘झिंगाट’ लागणार हे मांडवातील म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते. अंबरनाथला याहून निराळे नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांनी वसविलेल्या उल्हासनगरातही, जेथे लग्नघरी बायका आपले ‘लाडा’ गातात, मराठीचा गंध नसलेले पाहुणे याच गाण्यावर बेभान नाचताना मी पाहिले आहेत.

हे गाणे अजय-अतुल या बंधूंनी स्वरबद्ध केले आणि स्वतःच गायले. ज्या चित्रपटासाठी ते झाले, तो नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या संगीतातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित झाला होता. पुढे २०१७ मध्ये कन्नड ‘मनसु मल्लिगे’त आणि २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’मध्ये हीच चाल नवे शब्द लेवून आली. हिंदी कथा करमाळ्याकडून उदयपुरास गेली, आणि जाताना जातीचा प्रश्न बराचसा वाटेतच सांडला. चाल मात्र शाबूत पोहोचली.

मूळ कथेत हे गाणे येते कोठे? पाटलांच्या वाड्यावर, आर्चीच्या भावाच्या वाढदिवशी. खालच्या मानलेल्या जातीतला परश्या त्या अंगणात नाचतो, आणि तेथेच दोघांचे प्रेम उघडकीस येते. शेवटी हाच भाऊ नातलगांसह हैदराबादेस बहिणीच्या घरी जातो. आईने पाठविलेल्या भेटवस्तू तिच्या हाती देतात, चहा होतो, आणि मग दोघांचाही खून होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परत येते ते रक्तात पाऊल ठेवीत, आणि त्या वेळी पडद्यावरचा सारा आवाज नाहीसा झालेला असतो.

ज्या कथेचा शेवट असा, तिच्यातले गाणे आपण हळदीला वाजवावे काय?

आपल्या साहित्यशास्त्रात मुक्तक आणि प्रबंध असा भेद केला आहे. मुक्तक स्वतःच्या पायावर उभे असते. प्रबंधातील श्लोक मागचापुढचा संदर्भ मागतो. चित्रपटगीत जन्माने प्रबंधातले, पण आयुष्य कंठते ते मुक्तकाचे. त्यात गैर काय? मंगलाष्टकांत रामसीतेचे नाव घेताना पुढील वनवासाची किंवा त्यागाची आठवण कोणी काढीत नाही, आणि काढूही नये. वधूवरांसमोर शुभ तेवढेच ठेवावे, ही विस्मृती नव्हे, सौजन्य आहे. पुष्कळ दिवस मी हेच उत्तर देत असे, आणि ते देताना थोडा खूषही होत असे.

गेल्या वर्षी शेजारच्या घरी थोरल्या मुलाची हळद होती. त्याच घरातील मुलीने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतील मुलाशी लग्न केले होते. वडील अत्यंत सज्जन. कोणावर हात उगारतील असे मुळीच नव्हेत. त्यांनी केवळ तिचे नाव घेणे सोडले आणि हळदीचे बोलावणे तिला धाडले नाही. ‘सैराट’ त्यांनी पाहिला होता, शेवटी डोळे पुसले होते. हे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. त्या रात्री ‘झिंगाट’ लागताच पोरांनी त्यांना ओढून नेले, आणि ते दोन्ही हात वर करून नाचू लागले. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

सीतेच्या त्यागात मांडवातील पाहुण्यांचा हातभार नसतो, म्हणून त्यांचे ते विसरणे निर्मळ असते. येथे विसरणारा आणि विसरली गेलेली, दोघेही एकाच घरची होती. गाण्याचा यात काडीचा दोष नाही. किंबहुना ज्या अंगणात परश्याने यायला नको होते, त्याच अंगणातला त्याचा आनंद त्या गाण्यात आहे. आणि तो आनंद आम्ही त्याच्याकडून घेतला होता, त्याला मात्र बाहेर ठेवले होते. मला बोचले ते इतकेच, आणि तेही टाळ्या वाजवून झाल्यावर.

गाणे संपले तसे वडील घाम पुशीत माझ्याशेजारी येऊन बसले. मुलीची चौकशी करावी असे मनात आले. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. तेवढ्यात कोणीतरी “पुन्हा लावा!” म्हणून ओरडले, आणि त्यांना उठून जाता यावे म्हणून मी आपले पाय आखडून घेतले.