दैव, पुरुषकार आणि खेळाडूचा रक्तदाब

खेळाडूचा रक्तदाब आणि त्याचा दमसास यांचा काही भाग जन्मासोबत येतो. माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा मानला जातो. त्यामुळे भारतीय तत्त्वचिंतनातला दैव आणि पुरुषकार (माणसाचा स्वतःचा प्रयत्न) यांचा जुना वाद मैदानावरही उभा राहतो. जे शरीर माणसाने स्वतः कमावलेले नाही, त्या शरीराने मिळवलेल्या यशाचे श्रेय कोणाचे?

या संदर्भात सर्वाधिक अभ्यास झाला तो एसीई या जनुकाचा. त्याच्यापासून तयार होणारे विकर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य बनवते. या जनुकाची ‘आय’ आणि ‘डी’ अशी दोन रूपे आहेत. ‘डी’ रूपात विकराचे प्रमाण जास्त असते. १९९८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले, की सोबत प्राणवायू न नेता ७,००० मीटरच्या वर गेलेल्या गिर्यारोहकांमध्ये ‘आय’ रूप नेहमीपेक्षा अधिक आहे. त्यावर बरेच मोठे निष्कर्ष काढले गेले. पुढे केनियाच्या धावपटूंच्या अभ्यासात तसा संबंध दिसला नाही, आणि एका जनुकावर क्षमतेचे भाकीत करण्याचा उत्साह ओसरला. रक्तदाबावर शेकडो जनुकीय फरकांचा परिणाम होतो आणि प्रत्येकाचा वाटा अगदी लहान असतो.

याहून महत्त्वाचा शोध ‘हेरिटेज’ या अमेरिका-कॅनडातील कुटुंब-अभ्यासाचा आहे. ९८ कुटुंबांतील ४८१ बैठ्या सवयीच्या व्यक्तींकडून २० आठवडे सारखाच व्यायाम करून घेण्यात आला. प्राणवायू वापरण्याची क्षमता काहींची भरपूर वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही, आणि या फरकाचा जवळपास निम्मा भाग कुटुंबागणिक ठरत होता. म्हणजे कष्टाला मिळणारे फळसुद्धा काही अंशी वारशाने येते. प्रयत्नवादाला हा खरा धक्का आहे; तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही.

या पेचाशी भिडणारे उत्तर चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात आहे. आयुष्य आधीच ठरलेले असते का, असे शिष्य अग्निवेश विचारतो. गुरू आत्रेय सांगतात, की ते दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते. दुबळे दैव प्रयत्नाने मागे सारता येते आणि प्रबळ दैव प्रयत्नाला मागे सारते. सगळेच ठरलेले असते, तर कोणी औषध घेतले नसते आणि पिसाळलेल्या हत्तीपुढून कोणी पळालेही नसते. पुढे ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगल्या लाकडाचा आस आपला काळ पुरवतो; तोच आस जास्त ओझ्याने, खराब वाटेने किंवा वंगणाअभावी मध्येच मोडतो.

मात्र चरकाचे दैव आणि आजचे जनुक एकच नव्हेत. चरकाच्या मते दैव म्हणजे पूर्वजन्मी स्वतःच केलेले कर्म, म्हणून त्याचे फळ न्याय्य. जनुके येतात आईवडिलांकडून. त्यांच्यावर कर्मसिद्धान्त जसाच्या तसा बसवला, तर मागे पडलेल्या मुलाला त्याच्या शरीराबद्दल दोषी धरावे लागेल. ते अन्यायाचे आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या दहाव्या प्रकरणात कर्मविपाकाचे बंधन मान्य करूनही आत्म्याचे प्रयत्नस्वातंत्र्य जपले, ते इथे अधिक उपयोगी पडते. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची कारणे पाच आहेत: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधन), चेष्टा (प्रयत्न) आणि दैव. दैव त्यात आहे, पण पाचांपैकी एक म्हणून.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या पाचांच्या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा पैलवान वडिलांच्या पोटी जन्मले. वडिलांकडून शरीर मिळाले आणि कुस्तीचे धडेही. या दोन वारशांची फारकत कोणतीही रक्ततपासणी करू शकत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले, पण तिथवरचा प्रवासखर्च लोकांच्या वर्गणीतून आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेल्या पैशांतून भागला. कर्तृत्व एकट्याचे नसते. खाशाबांच्या पदकाचा काही वाटा गोळेश्वरचा आणि खर्डेकरांचाही आहे. तो मान्य केल्याने खाशाबांच्या चेष्टेचे मोल कमी होत नाही.

जनुकीय चाचणी करून मुलांना खेळ निवडून देण्याची भाषा आता ऐकू येते. विज्ञानाच्या कसोटीवर तिला आज आधार नाही, आणि आधार असता तरी दहा वर्षांच्या मुलाला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. धोका ओळखण्यासाठी मात्र वारशाची माहिती घेतलीच पाहिजे. दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत एमवायबीपीसी३ या जनुकाचा २५ जनुकीय अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. त्याने हृदयस्नायूच्या विकाराचा धोका वाढतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात कोणाला उच्च रक्तदाब असेल किंवा कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तालमीत पाठवण्याआधी मुलाचा रक्तदाब आणि हृदय तपासावे, श्वास रोखून जड वजन उचलण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि व्यायाम त्याला झेपेल असा आखावा.