लॉगबुकातील प्रयोजनाचा रकाना

गेल्या वर्षी मुंबईहून ताईच्या आजारपणाचा निरोप आला, तेव्हा बाग सेवनियातील आमच्या घरी कसे जावे यावर वाद झाला. मुलगा विमानाचे तिकीट काढू लागला. नात म्हणाली, ‘‘आजोबा, विमान फार इंधन जाळतं, गाडीनं जा ना!’’ सवयीने मी कागद-पेन्सिल घेतली.

भोपाळ ते मुंबई हवाई अंतर सुमारे 660 किलोमीटर; रस्त्याने ते पावणेआठशेच्या आसपास. 180 आसनांचे विमान बहुतांश भरलेले असेल, तर माणशी ढोबळमानाने 25 लिटर इंधन पडते. लिटरला 15 किलोमीटर धावणारी मोटार त्या वाटेवर सुमारे 52 लिटर पेट्रोल घेते. म्हणजे एकट्याने जाणाऱ्यास विमान निम्म्यात, दोघे असता बरोबरी आणि चौघे असता माणशी 13 लिटर, म्हणजे मोटार सरस. विमानामागे उमटणाऱ्या हिमकणांच्या शुभ्र रेषाही उष्णता अडवतात, ते ओझे निराळेच. रेल्वे या दोहोंहून काटकसरी; परंतु त्या दिवशी आरक्षण मिळेना.

मी विमानाने गेलो. ताईने डोळे उघडून ओळख दिली. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या 25 लिटरांचा मला आजही खेद नाही.

खेद दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्याच वर्षी मी आणखी दोनदा विमानाने गेलो. एकदा वास्तुशांतीला आणि एकदा निव्वळ तिकीट स्वस्त मिळाले म्हणून. ‘मी न गेलो तरी विमान उडणारच होते,’ अशी मनाची समजूत घातली. वास्तविक प्रत्येक प्रवासी असेच म्हणतो, आणि अशा भरलेल्या आसनांच्या भरवशावरच पुढची उड्डाणे ठरतात.

1865 साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी लिहिताना दाखविले होते की, इंजिने काटकसरी झाल्याने कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. कार्यक्षमता हा यंत्राचा गुण होय. संयम हा माणसाचा. पहिल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

नोकरीत असताना माझ्या जीपच्या लॉगबुकात किलोमीटर, इंधन आणि प्रयोजन असे रकाने असत. पहिले दोन मी काटेकोरपणे तपासी. तिसऱ्यात मात्र ‘शासकीय कार्य’ एवढेच लिहून स्वाक्षरी करी. कित्येकदा जीपमध्ये मी एकटाच असे आणि काम एका पत्राने भागण्यासारखे असे. हिशेब चोख होता, आणि तरीही तो खोटा होता.

आपले पूर्वज दक्षिणेतून इकडे आले ते बैलगाडीने आणि घोड्यावरून. गावी परत जाणे त्यांना क्वचितच घडे. म्हणून प्रत्येक जाण्याला अर्थ असे. तो खडतरपणा पुन्हा यावा असे मी म्हणत नाही. तथापि वाट सोपी झाली म्हणजे ‘कशासाठी?’ हा प्रश्न आपला आपणच विचारावा लागतो.

येत्या वर्षश्राद्धाला आम्ही चौघे पंजाब मेलने जाणार आहोत. आरक्षण वेळेत केले आहे. प्रयोजनाचा रकाना या वेळी नातीने भरला: ‘आजीला भेटायला.’ मी त्यात दुरुस्ती केली नाही.