विहिरीचा धनी कोण?

वडनेर भोलजीच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराची उतरण आहे आणि उत्तरेस पूर्णेचें खोरें. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या डोंगरांतून निघून पूर्णेस मिळतात व पूर्णा पश्चिमेस वाहत चांगदेवाजवळ तापीस मिळते. नांवें गंगेचीं खरीं. परंतु पावसाळा सरला कीं प्रवाह क्षीण होतात आणि सारा भार विहिरींवर येतो. त्यांतही दैवदुर्विलास असा कीं, डोंगराच्या काळ्या कातळांत पाणी गोड पण थोडें, तर खोऱ्याच्या गाळांत तें पुष्कळ ठिकाणीं खारें. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा हा टापू ‘खारपाणपट्टा’ म्हणूनच ओळखला जातो.

अशा मुलुखांत ज्याच्या शेतीं गोडी विहीर आहे, त्यानें वैशाखांत आपलीं फळझाडें जगवावीं कीं शेजाऱ्यांचे हंडे भरूं द्यावे? १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टानें, ठराविक प्रवाहांतून न वाहणारें भूमिगत पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकास दिला. १९९३ सालीं महाराष्ट्रानें, पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास मनाई केली. म्हणजे तहानेपुढें मालकीनें थोडें थांबावें, हें कायद्यासही पटलें. परंतु जेथें कायदा थांबतो तेथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

मालक म्हणेल, “सुरुंग आमचा, कर्ज आमचें, घामही आमचा!” हें म्हणणें आम्ही उडवून लावीत नाहीं. कर्ज काढून खणलेल्या विहिरीवर झाडें वाळतांना पाहणें सोपें नव्हे. तथापि त्या श्रमानें त्यानें विहीर निर्माण केली, पाणी नव्हे. तें चढावरच्या दहा जणांच्या वावरांत पडलें, मुरलें आणि याच्या झऱ्यास आलें. खोऱ्यांत तर गोडें पाणी हलकें म्हणून खाऱ्यावर तरंगतें. एकानें बेसुमार उपसा केला तर खालचें खारें वर चढतें आणि त्याचें शासन शेजाऱ्यासही भोगावें लागतें. जें आलें सर्वांकडून आणि बिघडतें सर्वांचें, त्यावर एकट्याची सत्ता कशी मानावी?

पाणपोई घालणें हें आपण पुण्यकर्म समजतों. आम्हांस वाटतें, येथेंच आपला हिशेब चुकतो. विहिरीवर आलेल्या तहानेल्यास पाणी देणें हें दान नव्हे. ती ऋणाची फेड आहे. दान नाकारणारा फार तर कृपण ठरेल. ऋण नाकारणाऱ्यास मात्र लोकव्यवहारांत दुसरेंच नांव आहे.