येथे आपलेच घर आहे



परदेशी राहून परतलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तिथले लोक तुमच्याशी कसे वागले?" आम्ही उभयता २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे मेक्सिकोत, आहिहिक नावाच्या एका लहान गावात राहिलो. वसईला परतल्यावर आम्हालाही हाच प्रश्न अनेकांनी विचारला. तिथले लोक आमच्याशी फार चांगले वागले, हे त्याचे खरे उत्तर. मात्र त्याच्या उलट प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही, आणि आमच्या मनातून तो अजून जात नाही. आम्ही त्यांच्याशी कसे वागलो?

आहिहिक हे हालिस्को राज्यात, चापाला सरोवराच्या उत्तर काठावर आहे. चापाला हे मेक्सिकोतील सर्वांत मोठे सरोवर. ग्वादालाहारा शहर तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवर. आमच्यापैकी एकाची नोकरी त्या शहरात होती. हवा बाराही महिने सौम्य, दगडी गल्ल्या, भिंतींवर बोगनवेल, गावाच्या मध्यभागी चौक आणि चौकाजवळ संत आंद्रेयाचे देऊळ. बुधवारी आठवडी बाजार भरतो, त्याला तिथे 'तियांगिस' म्हणतात. मक्याच्या रोट्या, म्हणजे तोर्तिया, किलोवर विकत मिळतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. दुकानासमोर रांगेत उभे राहिले की तो वास येई आणि आईच्या भाकरीची आठवण होई. सरोवरातले 'चाराल' नावाचे बोटाएवढे मासे तळून, वर लिंबू पिळून खातात. वसईच्या माणसाला मांदेली आठवावी असाच तो प्रकार.

पहिल्या आठवड्यातच आम्हाला एक धडा मिळाला. आम्ही दुकानात शिरलो आणि सरळ कांद्याचा भाव विचारला. दुकानदार बाई काही क्षण आमच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "ब्वेनोस दीआस." म्हणजे, आधी नमस्कार, मग कांदे. तिथे दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर बसताना आधी सर्वांना अभिवादन करतात. खानावळीत अनोळखी माणूस जेवत असेल तर जाता जाता त्याला "ब्वेन प्रोवेचो", अन्न अंगी लागो, असे म्हणतात. समोरचा माणूस कामाचा असो वा नसो, तो माणूस आहे याची ही रोजची कबुली. आम्ही रोज सकाळी विरारची गाडी पकडणारे लोक. आम्हाला ही सवय लागायला तीन महिने लागले.

शेजारच्या घरात एक कुटुंब भाड्याने राहत होते. नवरा गवंडी, बायको घरीच शिवणकाम करणारी, दोन मुली आणि म्हातारी आजी. आम्ही सामान उतरवले त्याच संध्याकाळी ती बाई झाकलेल्या ताटलीतून तामाल घेऊन आली. आपल्या दाराकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आकी तिएने सु कासा." येथे आपलेच घर आहे. मेक्सिकोत ही बोलण्याची रीतच आहे. माणूस स्वतःचा पत्ता सांगतानाही 'तुमचे घर अमुक गल्लीत आहे' असे म्हणतो. आपल्याकडे 'या, आपलेच घर समजा' म्हणतात, तसेच. त्या वेळी आम्ही फक्त हसून मान डोलावली.

आता गावातल्या परक्यांविषयी. आहिहिकमध्ये अमेरिका आणि कॅनडातून आलेली निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने राहतात. काही कायमची, काही फक्त हिवाळ्यापुरती. सरोवराच्या पलीकडे पेतातान गावाजवळ हिवाळ्यात उत्तरेकडून पांढरे पेलिकन येतात आणि कोळी त्यांना माशांचे तुकडे टाकतात. हिवाळी पाहुण्यांची आणि पेलिकनांची तुलना गावात गमतीने होत असे. या मंडळींविषयी वाईट बोलणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. पेन्शनीत आपल्या देशात औषधपाणी परवडत नाही म्हणून आलेले कितीतरी वृद्ध आम्ही पाहिले. १९५५ मध्ये स्थापन झालेली त्यांची लेक चापाला सोसायटी वाचनालय चालवते, गावातल्या मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग घेते. त्यांच्यामुळे गवंड्याला, माळ्याला, परिचारिकेला काम मिळते. पण दहा-दहा वर्षे राहूनही स्पॅनिशची चार वाक्ये न शिकलेले लोकही आम्ही पाहिले. संत आंद्रेयाच्या सणाआधी नऊ दिवस पहाटे आकाशात बाण सुटतात, घंटा वाजतात. झोप मोडते म्हणून तक्रार करणारे पाहुणे होते. पाहुण्याने यजमानाला त्याच्याच घरात 'जरा हळू' म्हणावे, तसे ते.

आम्ही स्वतःला या मंडळींपासून वेगळे समजत होतो. आम्ही कॅथोलिक, रविवारी त्यांच्याच बाकावर बसणारे, रंगानेही त्यांच्यासारखे. आम्ही कसले परके? हा समज मोडला तो भाड्याच्या प्रश्नावर.

घर घेताना मालकाने जे भाडे सांगितले ते आम्ही घासाघीस न करता मान्य केले. मुंबईच्या मानाने ते कमी वाटले आणि अर्धे कंपनी देणार होती. आम्हाला वाटले, आम्ही उदार वागलो. आठ महिन्यांनी शेजारच्या घराच्या मालकाने, जो आमच्या मालकाचा भाऊ होता, त्या गवंड्याच्या कुटुंबाला तेवढेच भाडे मागितले. त्याचे म्हणणे सरळ होते: पलीकडचे देतात, मग तुम्ही का नाही? अकरा वर्षे राहिलेले ते कुटुंब दोन महिन्यांत हमरस्त्याच्या वर, डोंगराच्या बाजूला दोन खोल्यांत गेले. शेजारचे घर रंगवले गेले आणि एका परदेशी जोडप्याला दिले गेले. पुढे त्या बाईची थोरली मुलगी त्याच घरात साफसफाईला येऊ लागली. ज्या खोलीत ती लहानाची मोठी झाली ती खोली ती आता पुसत होती.

आम्ही कोणता कायदा मोडला? कोणताच नाही. खोटे बोललो? नाही. कोणाला हुसकावले? तेही नाही. मनाने लगेच तीन बचाव उभे केले. पहिला: भाडे वाढवले ते मालकाने, आम्ही नव्हे. दुसरा: आम्ही नसतो तर दुसऱ्या कोणी तेवढे पैसे दिले असते. तिसरा: आमच्यासारख्यांमुळे गावात कामही येते.

तिन्ही बचावांत तथ्य आहे, आणि तरीही ते पुरे पडत नाहीत. मालकाचा वाटा मोठा आहे म्हणून आमचा शून्य होत नाही. 'मी नाही तर दुसरा' हे प्रत्येक जण म्हणू लागला तर जगातील कोणत्याही गोष्टीला कोणीच जबाबदार उरणार नाही. आणि काम मिळते हे खरे, पण घर गमावून त्याच घरात काम मिळणे याला लाभ म्हणायचे का? आम्हाला उमगले ते एवढेच: किंमत दोघांत ठरते, पण तिचा भार कधी कधी तिसऱ्यावर पडतो, आणि तो तिसरा व्यवहाराच्या वेळी खोलीत नसतो. पैसे देऊन आपण घरमालकाचे देणे फेडतो. त्या तिसऱ्याचे देणे कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते, म्हणून ते नाही असे आपण समजतो.

वर्ष संपल्यावर आम्ही मालकाला विचारून पाहिले की काही करता येईल का. तो हसला. आम्ही पुन्हा करारावर सही केली. हेही इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ती बाई मात्र देवळात भेटली की पूर्वीसारखीच बोलत असे. तिचा मोठा भाऊ चौदा वर्षांपासून कॅलिफोर्नियात होता, कागदपत्रांशिवाय. परत आला तर पुन्हा जाता येणार नाही म्हणून तो बापाच्या मयतालाही आला नव्हता. हालिस्कोतील अनेक गावांच्या सणात एक दिवस 'ईहोस आउसेन्तेस', म्हणजे दूर गेलेल्या लेकरांसाठी राखलेला असतो. ज्यांना येता येते ते त्या दिवशी येतात. ती भावाच्या नावाने मेणबत्ती लावी. आम्ही विचार करीत असू: उत्तरेकडून दक्षिणेला येणारा सन्माननीय 'रहिवासी', आणि दक्षिणेतून उत्तरेला जाणारा 'बेकायदा'. दोघेही घर सोडून बऱ्या जीवनासाठी निघालेले. फरक माणसांत नाही, खिशात आणि कागदात आहे. शब्द मात्र असे निवडले जातात की फरक माणसांतच आहे असे वाटावे.

याच काळात आम्ही कुएर्नावाका शहराचे जुने कॅथेड्रल पाहायला गेलो. तिथे विसाव्या शतकात जीर्णोद्धार करताना भिंतींवरील थरांखाली जुनी चित्रे सापडली. ती नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांची आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत मेक्सिकोचा फेलिपे दे हेसुस आहे, आणि आपल्या वसईचा गोन्सालो गार्सियाही आहे. दोघेही मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि ८ जून १८६२ रोजी दोघांनाही एकाच वेळी संत घोषित करण्यात आले. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, एका मेक्सिकन देवळाच्या भिंतीवर आपल्या गावच्या माणसाचे मरण रंगवलेले पाहून आम्ही बराच वेळ बोललो नाही.

गोन्सालो आपल्याला हुतात्मा म्हणून ठाऊक आहे. आम्हाला त्या दिवशी तो परदेशी राहणारा म्हणून आठवला. तो जपानला गेला तो लहान वयात, आणि तिथली भाषा इतकी चांगली शिकला की पुढे मिशनऱ्यांचा दुभाषा झाला. परक्या गावात माणसाचे पहिले देणे बहुधा हेच: तिथली भाषा शिकणे. कारण भाषा येत नाही तोवर शेजाऱ्याचे दुःख आपल्याला ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याबद्दल आपण निर्दोष आहोत असे सहज वाटते. परत आल्यावर आम्ही त्या बाईकडेच स्पॅनिश शिकायला जाऊ लागलो. ती शिकवणीचे पैसे घेई. ते योग्यच होते.

परका आपला कधी होतो? मिरची, पेरू, सीताफळ, चिकू, सणासुदीचा झेंडू हे सारे अमेरिका खंडातून, यांतील बरेचसे मेक्सिकोच्याच बाजूने आपल्याकडे आले. आज मिरचीला परकी म्हणणारा मराठी माणूस सापडणार नाही. उलट आंबा आशियातून मनिलाच्या गलबतांबरोबर तिकडे पोहोचला आणि तिथे आजही एका जातीला 'मनिला' म्हणतात. नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्या गावच्या कबरी झेंडूने भरलेल्या पाहिल्या तेव्हा आम्हाला आपला दसरा आठवला. रोप जिथे जाते तिथल्या मातीशी जुळवून घेते आणि तिथल्या माणसांच्या उपयोगी पडते, म्हणून ते आपले होते. मात्र दुसऱ्याचे वाफे गिळणारे रोपही असते, आणि त्याला शेतकरी तण म्हणतो. आपण कोणते, हे माणसाने स्वतःला विचारायचे असते.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले आज आखातात, जहाजांवर, कॅनडात आहेत. त्यांना तिथे कोणी 'आधी नमस्कार' शिकवावा अशी आपली प्रार्थना असते. आणि आपल्या दारात उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, झारखंडमधून माणसे आली आहेत. मिस्सेला ती शेवटच्या बाकावर बसतात किंवा दाराशी उभी राहतात. त्यांच्याविषयी आपण कसे बोलतो हे आपल्याला ठाऊक आहे. जमीन गेली, पाणी गेले, गाव बदलले, हे आपले दुःख खरेच आहे. पण जमिनी विकत घेणारे ते नव्हते आणि विकणारेही ते नव्हते. इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या नियमांत उपऱ्याला न छळण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारण एकच दिले आहे: तुम्हीही मिसर देशात उपरे होता. दयेपेक्षा आठवणीवर उभी असलेली ही आज्ञा आहे.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांसाठी एक दलाल आला. तिथे झारखंडचे एक कुटुंब सहा वर्षे राहते. त्यांना काढले तर एक ठेकेदार दुप्पट भाडे द्यायला तयार होता. आम्ही कागदावर हिशेब मांडला. पैसे नको होते असे नाही. दोन दिवस घरात त्यावर बोलणे झाले, थोडे भांडणही झाले. शेवटी ते कुटुंब राहिले, भाडे थोडे वाढवून. हे आम्ही पुण्य म्हणून सांगत नाही. आहिहिकच्या त्या बाईला यातून काहीच परत मिळाले नाही, आणि एकाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटते असेही नाही. पण त्या दिवशी व्यवहाराच्या वेळी तो तिसरा माणूस खोलीत हजर होता, एवढे खरे.

आज मिस्सा सुटल्यावर दाराशी कोणी अनोळखी कुटुंब उभे असेल. कांद्याचा भाव विचारण्याआधी काय म्हणायचे असते, ते आपल्याला आता माहीत आहे.