उशिरा येणारा होकार

येशूसंघात (जेझुइट संघात) दाखल झालेला तरुण नोव्हिशिएट या दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेतो, तीही जन्मभरासाठी. संघ मात्र त्या दिवशी तितकं पक्कं वचन देत नाही. पुण्याच्या ज्ञानदीप संस्थेसारख्या ठिकाणी तत्त्वज्ञान, मग शाळेत किंवा मिशन केंद्रात काम, मग थिऑलॉजी, गुरुदीक्षा, काही वर्षांची सेवा आणि शेवटी टर्शियनशिप हा प्रशिक्षणाचा अखेरचा टप्पा, एवढं झाल्यावर संघ त्याला अंतिम व्रतांसाठी बोलावतो. यात पंधरा वर्षं सहज जातात. तोवर तो संघाचा असतो, पण संघ अजून पुरता त्याचा झालेला नसतो.

वरवर पाहता हा एकतर्फी सौदा आहे. इतर बहुतेक संघांत दोन्ही बाजू सावध असतात. सिस्टर होऊ पाहणारी मुलगी आधी मुदतीची व्रतं घेते; चर्चच्या कायद्यानुसार ही मुदत साधारण तीन ते सहा वर्षांची असते. मग येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी वेगळी रीत का घातली?

मला उत्तर त्यांच्या आयुष्यात दिसतं. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर मन पालटलं आणि जेरुसलेमला जाऊन तिथेच राहायचं, हेच आपलं पाचारण असं त्यांनी धरलं. 1523 मध्ये ते तिथे पोहोचलेही. पण तिथल्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्यांना राहू दिलं नाही. परतल्यावर तिशी ओलांडलेला हा सरदारपुत्र बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकू लागला. पुढे पॅरिस, तिथले सोबती आणि 1540 मध्ये पोपची मान्यता. त्या नकाराशिवाय हा संघ निघाला असता असं मला वाटत नाही. आतला आवाज कितीही स्पष्ट वाटला, तरी तो दुसऱ्या कुणीतरी तपासावा लागतो, हे त्यांनी अनुभवलं होतं.

म्हणून त्यांनी ठरवलेल्या कसोट्या वर्गाबाहेरच्या आहेत. महिनाभर मौनात आध्यात्मिक साधना, महिनाभर रुग्णालयात सेवा, महिनाभर पैशांविना, भीक मागत यात्रा. भुकेला, अनोळखी गावात दारोदार फिरणारा माणूस कसा वागतो, हे परीक्षेच्या पेपरातून कळत नाही.

माझी तक्रार मधल्या वर्षांबद्दल आहे. व्रत दारिद्र्याचं, पण जेवणाची घंटा वेळेवर होते, फीची चिंता नसते. या उबेत एखाद्याची शंका वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. टर्शियनशिप त्यावर उतारा असावी. दीक्षा झालेल्या, पदव्या मिळवलेल्या माणसाला पुन्हा नवशिक्यासारखं तीस दिवस मौनात बसवतात. पण तोवर चाळिशी जवळ आलेली असते.

तरीही घाई नको, असंच मी म्हणेन. थॉमस स्टीफन्सच पाहा. हा इंग्रज 1575 मध्ये रोममध्ये संघात आला आणि 1579 मध्ये गोव्याला पोहोचला. तिथल्या साष्टीत राहून त्याने मराठी आपलीशी केली आणि त्याचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते 1616 मध्ये. हा माणूस ओवी लिहील, हे रोममधल्या कुठल्या गुरूला दिसलं असतं?

या वाटेवरून मध्येच परतणारेही असतात. काहींना संघ परत पाठवतो, काही स्वतः निघतात. वसईत काय, गोव्यात काय, ‘फादर होणार होता’ हे वाक्य अशा मुलाला कितीतरी वर्षं चिकटून राहतं. तपासणी खरी असेल तर तिचा निकाल नकारही असू शकतो, हे संघाने मान्य केलंय. गावानेही करावं. असा मुलगा परत आला तर त्याला कारणं विचारत बसू नका; नोकरी शोधायला मदत करा.